पेवात सोडलेली बॅटरी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी हसू येते, तपशील मागून येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. ते सांगायला बसलो की घरची मंडळी एकेक करून उठून जातात. ही हकिगत मात्र नातवंडे मागून घेतात. नावे कुणाचीच देत नाही, कारण त्या घरांतली माणसे अजून त्याच गावात नांदत आहेत.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चाकणच्या बाजूला एका लहानशा ठाण्यावर मी नवा फौजदार म्हणून हजर झालो होतो. ठाणे म्हणजे दोन कौलारू खोल्या आणि एक कोठडी. कोठडीत आरोपींपेक्षा जप्त केलेल्या सायकलीच जास्त. उजेडाला सरकारी कंदील. माझ्याकडे मात्र खिशात मावणारी एक छोटी बॅटरी होती, मेहुण्याने मुंबईहून आणून दिलेली. बोटाएवढे दोन सेल आणि चवलीच्या नाण्याएवढी काच. बॅटरी म्हणजे दंडुक्यासारखी लांबलचक, असा तेव्हा सगळ्यांचा समज, त्यामुळे माझी बॅटरी ठाण्यात थट्टेचा विषय झाली. आमचे हवालदार माझ्या वडिलांच्या वयाचे होते. रोज सकाळी कडक सलाम ठोकून ते गंभीर चेहऱ्याने विचारत, "साहेब, काजव्याला खायला घातलं का?" मी ऐकून घेत असे. हवालदार मिशीतल्या मिशीत हसणारा असला की ठाणे चांगले चालते, हा माझा अनुभव आहे.

चैत्रात महाळुंग्याच्या पलीकडच्या एका गावाहून पोलीस पाटील सायकल हाणत आले. गावच्या भैरवनाथाचा चांदीचा मुखवटा नाहीसा झाला होता आणि यात्रा तोंडावर आली होती. त्या गावाची रीत अशी, की मुखवटा देवळात राहत नाही. भावकीतल्या घरांना वर्षावर्षाची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या देवघरात मुखवटा, यात्रेची पालखी त्याच्या दारातून निघते आणि पालखीपुढे तोच घरधनी चालतो. त्या वर्षी ज्यांची पाळी होती ती माणसे दुपारी खळ्यावर गेली होती. परत येऊन बघतात तो देवाची पेटी उघडी आणि आत काही नाही.

पाटलांनी आवाज खाली आणला. "साहेब, गावाचा संशय घरातल्याच पोरावर हाय. दुपारच्याला त्यो एकलाच घरी हुता."

तो पोरगा मला नावाने ठाऊक होता, कारण त्याचा कागद माझ्या टेबलावर पडलेला होता. पिंपरीच्या माळावर तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यांतल्या एकात त्याची निवड झाली होती. नेमणुकीआधी पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी लागे. गावातून कारखान्यात जाणारा तो पहिलाच. आता मी त्या कागदावर काय लिहितो यावर त्याची नोकरी होती. देवाच्या चोरीतला संशयित एवढी एक ओळ गेली असती, तर कारखान्याचे दार बंद झाले असते आणि गावातही त्याला कुणी उभे केले नसते.

मी गुन्हा दाखल करायची घाई केली नाही. पाटलांचा अर्ज चौकशीवर ठेवला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदारांना घेऊन निघालो.

देवघर घराच्या मध्यभागी, बिनखिडकीचे. बाहेर रणरणते ऊन, पण आत स्वतःचा हात दिसत नव्हता. देव गेल्यापासून पोराच्या आईने आत पाऊल टाकले नव्हते. सुने देवघर तिला बघवत नव्हते. ते आमच्या पथ्यावर पडले. चोरीच्या दिवशीच तिने जमीन सारवलेली होती आणि ओल्या सारवणावर जे उमटले होते ते तसेच वाळले होते. हवालदारांनी कंदील उंच धरला आणि म्हणाले, "काही नाही साहेब." कंदिलाचा उजेड वरून पडतो, त्यात सगळी जमीन सारखीच दिसते. मी खाली बसलो आणि बॅटरी जमिनीला टेकवून उजेड आडवा सोडला. लहानशा खळग्याचीही सावली लांब पडू लागली. अनवाणी पावले दारातून आत आली होती. पेटीसमोर दोन तळहात टेकले होते, त्यांच्या मधोमध कपाळ टेकल्याची पुसट खूण होती. गुडघा मात्र एकच. दुसऱ्या पायाची टाच बाजूला लांब ओढत गेली होती.

हवालदार वाकून बघतच राहिले. "म्हणजे चोरानं आधी नमस्कार केला?"

"तोही एकच गुडघा टेकून."

"पोराचे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत. आत्ता आपल्यासमोर माळ्यावरून उडी टाकून आला."

तरी रीतीप्रमाणे त्याचा जबाब घेणे भाग होते. चावडीवर घेतला असता तर सगळे गाव दाराशी गोळा झाले असते, म्हणून त्याला ठाण्यात आणले. तो माझ्या सायकलीबरोबर मान खाली घालून चालत होता आणि माणसे ओट्यांवर येऊन बघत होती.

ठाण्यात मी विचारले, "दुपारी कुठे होतास?"

"माळ्यावर झोपलो हुतो साहेब."

"काही आवाज आला?"

"कडी वाजली. आई आली आसंल म्हनून उठलो न्हाई."

"तुझा कुणावर संशय?"

तो म्हणाला, "मी कुनाचं नाव घेतलं आनि ते खोटं निघालं, तर त्याची बी माझ्यासारखीच गत हुईल." आणि थोड्या वेळाने, "माझ्या कागदावर काय लिवनार तुमी?"

"तपासात जे खरे निघेल ते."

त्याने मान हलवली. रडला नाही, गयावया केली नाही. कधी सोडता, हा प्रश्न तर त्याने विचारलाच नाही. मला तो पोरगा त्या क्षणी मनापासून आवडला, आणि याचा कागद स्वच्छ गेला पाहिजे असे तीव्रतेने वाटले. फौजदाराने असे वाटून घेऊ नये म्हणतात. मला वाटले, त्याला इलाज नाही. जबाब लिहून झाल्यावर त्याला घरी पाठवून दिले.

खबर मिळाली ती आडावर. दुसऱ्या खेपेला गावात गेलो, तेव्हा पाणी भरणाऱ्या एका बाईंनी हवालदारांना घागर उचलायला हात द्यायला सांगितले आणि डोक्यावर घागर घेता घेता बोलून गेल्या, "भावकीतल्या आबांनी ह्या वयात उपास धरलाय. रोज अंघुळ करून वल्या धोतरानंच गोठ्यात जात्यात. म्हसरं बघायला सोवळं कशाला लागतंय?" एवढे बोलून त्या निघूनही गेल्या. पाटलांकडे आबांची चौकशी केली. म्हातारा सरळ माणूस. तरुणपणी शर्यतीत बैलगाड्याखाली पाय सापडला, तेव्हापासून डावा गुडघा वळत नाही.

हवालदारांनी माझ्याकडे बघितले. मी दोन पंच बोलवायला सांगितले.

आबा ओसरीवर डावा पाय लांब करून बसले होते. उपासाने चेहरा सुकलेला, पण पागोटे ताठ.

"आबा, मुखवट्याबद्दल काही कानावर आले का?"

"देव कुटं जातुया साहेब? देव गावातच हाय."

"तुमच्या घरात आहे का?"

"घरात मी हाय, म्हातारी हाय. गोठ्यात म्हसरं हायती."

"भैरवनाथाची शपथ घेऊन सांगता?"

आबांनी पागोट्याखाली बोट घालून डोके खाजवले. "सकाळच्या पारी देवाला मधी कशाला आनायचं?"

हवालदारांना खोकल्याची उबळ आली. माझी खात्री झाली. सराईत लबाड माणूस न मागता शपथ घेतो, वर बायकोपोरांचीही घेतो. शपथेपाशी जो अडखळतो त्याला खोटे बोलायची सवय नसते. अशा माणसाला दम देऊ नये, नुसते समोर बसून राहावे. पण यात्रेला वेळ उरला नव्हता, म्हणून आम्ही गोठ्यात गेलो.

गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पेव होते. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीखाली केलेली खोल जागा, तोंडाशी अरुंद आणि पोटात मोठी. तोंडावर दगडी झाकण होते. आबा लंगडत मागून आले. "ते कैक वर्सं बंद हाय. खाली हवा वाईट हाय. मानूस दगावंल."

झाकण सरकवले. हवालदारांनी कंदील दोरीला बांधून आत सोडला. थोडा खाली गेला आणि विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला.

"म्हनलं न्हवं," आबा म्हणाले.

पंच मागे सरकले, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. पेवात उतरलेली माणसे गुदमरून गेल्याचे त्या भागात सगळ्यांना माहीत होते. तपासणी करता आली नाही असे लिहून घ्या, आम्ही अंगठे देतो, असे ते म्हणू लागले. मी खिशातून बॅटरी काढली तशी हवालदारांनी माझी बाही धरली. या वेळी ते थट्टा करत नव्हते. "साहेब, ती विझणार नाही. तिला श्वास लागत नाही. तुम्हाला लागतो."

"मी कुठे उतरतोय? काजवा उतरेल."

बॅटरी पेटवून, तोंड खाली करून, सुतळीला बांधली आणि पेवात सोडली. मी वर्दीसकट शेणामातीत पालथा पडलो आणि डोके पेवाच्या तोंडाशी नेऊन, श्वास रोखून बघू लागलो. उजेड गोल गोल फिरत खाली चालला. भिंती दिसल्या, कुजलेल्या धान्याचा काळा थर दिसला. मग लाल रंग दिसला. कण्हेरीची फुले. खालची सुकलेली, वरची टवटवीत. कैक वर्षे बंद असलेल्या पेवात त्या दिवशी सकाळची फुले पडली होती. बॅटरी आणखी एक फेरी फिरली, आणि फुलांच्या मधोमध एका टोपलीतून चांदीचे दोन डोळे माझ्याकडे बघत होते.

मी पंचांना बघायला बोलावले. एकाने वाकून बघितले आणि पंचनामा विसरून टोपी काढून हातच जोडले. दुसऱ्यानेही तेच केले. आबांची म्हातारी मागून पुढे आली, तिनेही डोकावले आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आसं व्हय. म्या म्हनतीया, माझ्या कन्हेरीची फुलं रोज जात्यात कुटं."

देव चोरला होता, पण त्याची पूजा एक दिवस चुकवली नव्हती. रोज सकाळी आंघोळ करून, झाकण थोडे सरकवून, आबा वरून फुले सोडत होते.

आबा तिथेच दगडावर बसले आणि विचारायच्या आत सगळे सांगून मोकळे झाले. मागच्या फेरीत त्यांची पाळी आली तेव्हा घरात सुतक होते. मान पुढच्या घरी गेला. आता सगळी घरे फिरून पाळी परत यायची. "तवर मी आसंन का साहेब? एक डाव घरात देव आसावा, एवढंच मनात हुतं. यात्रेच्या आदी देवळाच्या पायरीवर ठिवनार हुतो. पर तुमी त्या पोराला नेलं, आनि माझी वाचाच बसली. तवापास्नं अन्न ग्वाड लागंना."

मुखवटा वर काढायला आडात पडलेल्या घागरी काढायचा गळ आणला. त्यावरही तिथे चर्चा झाली. देवाला गळ लावायचा कसा? शेवटी आबाच म्हणाले, "टोपलीच्या दोरीला लावा, देवाला नगा." हवालदार गळ सोडत होते, मी सुतळीने उजेड धरत होतो आणि आबा वरून डावीकडे, उजवीकडे सांगत होते. मुद्देमाल काढायला आरोपीने इतकी मनापासून मदत केल्याचे मी पुढे कधीही बघितले नाही.

प्रश्न उरला कायद्याचा. चोरी ठरायला लबाडीचा हेतू लागतो. आबा त्या मानातले एक वाटेकरी होते, त्यांनी चांदी विकायला नेली नव्हती, आणि पाटलांसह गावाची काही तक्रार उरली नव्हती. मी तसा अहवाल वरिष्ठांकडे नेला. त्यांनी तो चेहरा कठोर ठेवून वाचला, फुलांपाशी आले तेव्हा चष्मा काढून पुसला आणि अर्ज निकाली काढायला संमती दिली. त्याच दिवशी मी पोराचा कागद पूर्ण केला. वर्तणूक चांगली, प्रतिकूल काही नाही. अक्षर जरा जास्तच सुबक काढले.

मला वाटले, माझे काम संपले. ते संपले नव्हते, हे मला यात्रेत कळले.

बंदोबस्ताला आम्ही होतोच. पालखी निघायच्या वेळी त्या पोराच्या वडिलांनी भावकीसमोर सांगितले, की या वर्षी पालखीपुढे आबांनी चालावे. हलगी कडाडली, गुलाल उधळला. आबा ताठ पाय ओढत पुढे निघाले. ज्या वाटेने मी त्या पोराला ठाण्यात नेले होते त्याच वाटेने पालखी आली. तो ओट्यांवरच्या माणसांमागे भिंतीला टेकून उभा होता. कागद स्वच्छ गेल्याचे त्याला माहीत होते, तरी तो मागेच उभा होता. आबांनी हात वर करून पालखी थांबवली. हलगी बंद झाली. त्यांनी खांद्यावरचा मानाचा शेला काढला, गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेले आणि शेला त्याच्या खांद्यावर घातला.

"देव म्या नेला हुता," आबा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "ह्या पोराचा काडीचा संबंध न्हाई. आनि ह्यानं ठाण्यात बसून बी कुनाचं नाव घेतलं न्हाई."

मग पालखीपुढे दोघे चालले, पोरगा आबांना हाताचा आधार देत. ओट्यावरच्या बायका त्या पोरावर गुलाल टाकत होत्या. हवालदार डोळे पुसत होते, आणि विचारले तर गुलाल गेला म्हणाले. माझ्याही गेला होता.

या केसचा धडा मी पुढच्या सगळ्या नोकरीत वापरला. कारखान्यासाठी त्याला निर्दोष मी ठरवले, गावासाठी मात्र ते आबांनी केले, आणि दुसरे काम माझ्या हातून राहूनच गेले असते. माणसाला ठाण्यात नेताना सगळी गल्ली बघते, सोडताना कुणी बघत नाही. म्हणून त्यानंतर चौकशीत कुणी निर्दोष निघाला, की मी पूर्ण वर्दी चढवून त्याच्या घरी चहाला जात असे. घरची माणसे आत बसायचा आग्रह करत. मी बाहेर ओट्यावरच बसायचो, त्याला शेजारी बसवायचो आणि चहा जितका सावकाश पिता येईल तितका सावकाश प्यायचो.