चाळीस दिवसांच्या बाळाची तीन महिन्यांची साखर

एका आईची वही खरी होती आणि मी दिलेला अहवाल निरर्थक होता, हे मला त्याच संध्याकाळी कळले होते. वीस वर्षे मी ते लपवले.

तेव्हा औरंगाबादेत माझी रक्त तपासण्याची लहानशी लॅब होती. पैठणहून एसटीने एक सासू-सून आल्या. सुनेच्या कुशीत जन्मतः मधुमेह असलेले बाळ होते. चिल्ला, म्हणजे बाळंतिणीचे चाळीस दिवस, आदल्याच दिवशी सरला होता. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सून दिवसातून कितीदा तरी बाळाची टाच टोचून ग्लुकोमीटरवरचा आकडा वहीत उतरवी. त्यावर इन्सुलिन ठरे. आकडे चढेच होते. सासूला ते टोचणे बघवेना.

"लेकराच्या टाचेची चाळण केली हिनं," ती म्हणाली. "त्यापरीस ती तीन महिन्यांची साखर काढा. माझी काढतात ना, तीच."

डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. तरी मी तपासणी केली. अहवाल निरोगी माणसासारखा आला.

"साहेब, वही तर बघा," सून म्हणाली. "खोटं लिवलं नाय मी."

मी वही उघडलीही नाही. "बाई, घुटीचा मध तुमच्या बोटाला राहिला असेल. तुम्ही मध मोजलात, रक्त नाही. साखर बरी आहे बाळाची."

"मध मोजती, मध!" सासू खदखदून हसली. ती दाद मला आवडली होती. हेही कबूल केले पाहिजे.

संध्याकाळी तपासणीच्या संचातले माहितीपत्रक वाचले. नवजात बाळाच्या रक्तात अजून गर्भातले हिमोग्लोबिन असते. ही तपासणी मोठ्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते; तिथे ती खरे सांगत नाही. पण त्यासाठी पत्रक तरी कशाला हवे होते? ज्याला जगात येऊन चाळीस दिवस झाले, त्याची तीन महिन्यांची सरासरी मी सही-शिक्क्यानिशी दिली होती. नोंदणीच्या कागदावर त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन नंबर होता. उद्या करू, म्हटले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटले.

सासूने घरी जाताच इन्सुलिन बंद करवले होते. चौथ्या दिवशी बाळ धापा टाकत इस्पितळात आले. ते वाचले, पण मेंदूला सूज येऊन उजवा हात कायमचा अधू झाला.

डॉक्टरांनी फोनवर विचारले, "आई म्हणते, साखर बरी आहे असं तुम्ही सांगितलंत. खरं का?"

"नाही. मी फक्त रिपोर्ट दिला."

इन्सुलिन आपण बंद करवले, हे सासूने कुणाला सांगितले नाही. सुई चुकवणारी, वर खोटे बोलणारी आई, असे नाव नवऱ्याच्या घरात सुनेला चिकटले. ते चिकटवणारा मी होतो.

गेल्या महिन्यात पैठणला गेलो. दार मुलाने उघडले, डाव्या हाताने. त्याच्या आईने मला लगेच ओळखले. मी माझ्या नेहमीच्या हळू आवाजात सुरुवात केली, तोच तिने थांबवले.

"असं कानात नका सांगू, साहेब. सासूबाईंना ऐकू येत नाय आता. अन् ह्यांनाबी ऐकू द्या."

आत नवरा मागावर बसला होता. माग थांबला. खाटेवरच्या म्हातारीने कानामागे हात धरला. जन्मात कधी आवाज न चढवलेला मी ओरडलो :

"वही खरी होती. साखर बरी आहे, असं मीच सांगितलं होतं. नंतर डॉक्टरांशी खोटं बोललो, तेही मीच. बाई, मला माफ करा."