पूनमसिंगची फोमची सीट

दिग्रसजवळच्या तांड्यावरचा पूनमसिंग तीस वर्षं मोटारसायकलवर गावोगाव चादरी विकत हिंडला आणि त्यात कमरेचा पार खुळखुळा झाला. यंदा मात्र त्यानं हट्टाला पेटून गाडीला उंच हँडल, नवे शॉकअप आणि आपल्या बसायच्या जागेपुरता जाड फोम बसवून घेतला. मग बायकोला, नंदाबाईला, मागं बसवून तो पुसदला लेकीकडे निघाला. दारात गाडी थांबताच फुशारून म्हणाला, "मले कंबर हाये का नाही, समजलंच नाही!"

नंदाबाई दोन्ही हातांनी कंबर धरून उतरली.

"तुमचा आजा मिठाची गोणी लादाच्या आधी बैलाच्या पाठीवर गादी टाके. माह्याखाली तोच जुना दगड. मी काय त्या बैलाहूनबी गेली?"