खारमावशींची जीभ

खारमावशी माणसांना चवीनं ओळखायच्या. शहाडला ज्या खोलीत आम्ही बायका पापड लाटायचो, ती चालवणाऱ्या ताई म्हणजे मिरी. पिठाची पोती टाकणारा टेम्पोवाला म्हणजे तुरटी, कारण तो आला की सगळ्यांची तोंडं आखडायची. मला त्यांनी पहिल्याच दिवशी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि 'अळणी' म्हणून मोकळ्या झाल्या. सातवीत शाळा सुटलेली, लग्न होऊन तळकोकणातून इतक्या लांब आलेली, आणि पाणी प्यायला उठू का हेसुद्धा तीनदा विचारणारी मी. नाव चुकलं असं काही म्हणता येत नव्हतं.

त्यांचं नाव आम्ही ठेवलेलं. पीठ भिजवायच्या पाण्यात पापडखार किती पडणार ते त्या ठरवायच्या, म्हणून खारमावशी. नव्या बाईला वाटायचं, ह्यांनी घरी खार पाळलीय की काय. चमचा त्यांना चालत नसे. उकळलेलं पाणी निवलं की बोट बुडवून जिभेला लावायच्या. पीठ भिजून, कुटून झालं की पहिली लाटीही त्यांच्याच तोंडात. डोळे मिटून त्यांनी मान हलवली की आमची लाटणी सुरू.

ही जीभ कुठून आणली विचारलं तर म्हणायच्या, आमच्या तळ्यातून. मावशी लोणारच्या. आकाशातून दगड पडला आणि परातीसारखा गोल खड्डा झाला, त्यात हे खारं तळं, असं नातवाच्या पुस्तकात आहे हे त्यांना माहीत होतं. पण लवणासुर त्याच खड्ड्यात लपलेला, देवानं पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवून त्याला मारलं, त्याच्या रक्ताचं पाणी झालं आणि मांसाचा खार, हेही खरंच होतं. दोन्हीत भांडण कशाला? उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की काठाला खाराची पापडी धरायची. जुन्या बायका तोच खार पापडात घालायच्या, आणि त्या पाण्यात लुगडी साबणाशिवाय स्वच्छ निघायची. काठावर कमळजा देवी, भोवती रान, रानात मोर. देवीपाशी सासू-सुनेची विहीर, एका अंगाचं पाणी गोड, दुसऱ्याचं खारट. खारट अंग कुणाचं असं आम्ही विचारलं की म्हणायच्या, ज्यानं त्यानं आपापल्या घरी चाखून पाहावं.

मी खाडीकाठची. पहिला प्रश्न मला सुचला तो माशांचा. तर त्या तळ्यात मासाच नाही म्हणे. खारं पाणी आणि मासा नाही? मग ते पाणी तरी कसलं!

"आमचं तळं माळकरी हाये," मावशी म्हणाल्या, आणि लाटणं चालूच.

पहिल्याच महिन्यात माझ्या हातून ते झालं. मावशींनी खार काढून ठेवलेला, मी फक्त पाण्यात घालायचा होता. घातला की नाही तेच आठवेना. विचारलं तर हसतील, म्हणून गपचूप डब्यातला तेवढाच पुन्हा घातला. त्या दिवशी नेमकी मावशींना दाढ ठणकत होती, त्यांनी लाटी चाखली नाही. पापड वाळले, तळून बघितले तर विटेसारखे लाल, आणि चव अशी की जीभ सोलून निघावी. ताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, खार कुणी घातला? जिनं घातला तिनं उद्यापासून येऊ नये. मावशींनी तो पापड शांतपणे अख्खा खाल्ला आणि म्हणाल्या, "माह्याच हातून झालं." त्यांना कोण काढणार? नंतर मोरीपाशी मला म्हणाल्या, "काहून भेतं वं एवढी? खारच हाये, इख नाही."

लॉकडाऊनमध्ये खोली बंद होती, तेव्हा लोणारचं तळं गुलाबी झाल्याची बातमी आली. खोलीतल्या प्रत्येकीनं मावशींना फोटो पाठवला. मीही फोन केला, काही वाईट तर नाही ना म्हणून.

"कमळजेच्या हातून खार दोनदा पडला वाटते," त्या म्हणाल्या. "तुह्यासारखीच भेदरट दिसते."

पुढे पेपरात आलं ते नवऱ्यानं वाचून दाखवलं. उन्हानं पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यात वाढणाऱ्या बारीक जीवांनी पाण्याला रंग चढवला. म्हणजे खार जास्त झाल्यानंच. मी हसत सुटले आणि नवरा बघत राहिला.

नंतर कोरोनानं मावशींनाही गाठलं. बऱ्या होऊन आल्या, खोली उघडली, लग्नाची ऑर्डर आली. त्यांनी पाणी चाखलं, मग लाटी खाल्ली, डोळे मिटले, मान हलवली. उरलेली लाटी मी तोंडात टाकली. खार जवळजवळ नव्हताच. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मावशींची जीभ गेली होती. ताईंना कळलं असतं तर त्यांचं खोलीतलं कामच संपलं असतं.

मी हळूच म्हटलं, "मावशी, कमीय."

"किती?"

"तुम्हीच सांगा ना."

"मले आता मीठ अन् साखर एकच. तू सांग."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला न विचारता काही केलं. खाराचं पाणी वाढवून पीठ पुन्हा मळलं. पापड पांढरेशुभ्र फुलले. पुढे कित्येक महिने चाखायचे मी आणि मान हलवायच्या मावशी. रोज वाटायचं, आज पकडले जाणार. शेवटी त्यांनीच ताईंना सांगून टाकलं की माही जीभ गेली, पण ही अळणी तयार झाली, आता मी लेकाकडे जाते. ताई म्हणाल्या, मला पहिल्या आठवड्यातच कळलेलं, पापड चांगले होते म्हणून बोलले नाही.

एसटीत बसवताना मी त्यांच्या पिशवीत माझ्या हातच्या पापडांचं एक पुडकं टाकलं. चव लागणार नाही हे माहीत होतं. पण रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?

तीन-चार महिने गेले असतील. एका दुपारी फोन आला. हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"अळणे, आत्ता पापड भाजला तुहा. खार जास्त झालाय."

माझा चेहरा पडला, आणि मग एकदम उजाडलं. मी फोन हातात धरून खोलीभर ओरडत सुटले की मावशींना खार लागला, खार लागला. मग त्यांना दिलेल्या पुडक्याच्याच घाण्यातला एक पापड जपून ठेवलेला होता, तो भाजून खाल्ला.

खरंच, चिमूटभर जास्त होता.