डॉक्टरांच्या फिल्ममधले निळे दात

सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. असा वारा सुटला की रस्त्यावरची सगळी धूळ पत्ता विचारत नेमकी स्टुडिओत यायची. फिल्मचे रंग जुळवणाऱ्या रंगमास्तरांनी रोजच्यासारखी कॉम्प्युटरची जाळी काढली, मांडीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि दाढीच्या ब्रशने धूळ झटकायला बसले. वीस वर्षं दिवसाची सुरुवात याच कामाने. मशीन घुसमटलं की रंग घुसमटतात, असं ते म्हणायचे. त्यात शास्त्र किती आणि मास्तरांची ऐट किती, हे कुणी विचारायला गेलं नाही.

अर्धी जाळी झाली आणि मालक दारात उभे.

"मास्तर, दातांच्या डॉक्टरांचा फोन. तिसऱ्यांदा."

"आता काय म्हणणं?"

"दात निळे दिसतात म्हणे. पेशंट शाई पिऊन बसल्यासारखे. उद्या दवाखाना उघडतोय आणि तिथल्या टीव्हीवर दिवसभर हीच फिल्म फिरणार आहे."

"एक्स्पोर्टमध्ये, फाइल बाहेर काढताना, घोळ होतोय. माझ्या स्क्रीनवर या, बघा, दात मिठासारखे पांढरे आहेत."

मालक कधी स्क्रीनकडे बघत नसत. आपल्याला रंगातलं काही कळत नाही, हे ते अभिमानाने सांगत. "मला दाखवून काय उपयोग? दुपारपर्यंत नीट करा. नाहीतर रंगाचं काम त्या नव्या सॉफ्टवेअरवर टाकतो. बटण दाबलं की रंग लागतो, आणि ते रुसूनही बसत नाही. तुम्ही मग फायली सांभाळा."

मालक गेले. मास्तरांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. 'फायली सांभाळा' हे शब्द त्यांनी याच खोलीत, याच आवाजात, नऊ वर्षांपूर्वी ऐकले होते. तेव्हा ते उस्तादांना उद्देशून होते.

ही खुर्ची उस्तादांची. मास्तर त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं शिकले. मग उस्तादांच्या फिल्ममधली माणसं हळूहळू निळसर, थंडीने काकडल्यासारखी दिसायला लागली. मास्तरांनी ते ओळखलं आणि उस्तादांना नाही, थेट मालकांना जाऊन सांगितलं. "म्हाताऱ्याचे डोळे गेले," असंही वर म्हणाले. त्याच संध्याकाळी उस्ताद खुर्चीवरची आपली उशी काखेत मारून बाहेर पडले. फायली सांभाळायला थांबले नाहीत.

मास्तरांनी मान झटकली आणि कामाला लागले. रंग बिघडला की आधी मशीनवर संशय घ्यायचा, हा त्यांचा रिवाज. जुन्या तात्पुरत्या फायली पुसल्या. ग्राफिक्स कार्ड बंद ठेवून एक्स्पोर्ट केलं. मग फाइलचा प्रकार बदलून. मग काळ्या-पांढऱ्याची मर्यादा बदलून. तेव्हा डॉक्टरांचं तोंड धुवून वाळत घातल्यासारखं फिकं झालं, म्हणून ते परत जागेवर. पाच एक्स्पोर्ट झाले. प्रत्येक फाइल स्वतःच्या फोनवर लावून बघितली. पाचही वेळा दात पांढरेशुभ्र.

"डॉक्टरचा टीव्हीच भंगार असणार," ते पुटपुटले. तरी खात्री करावी म्हणून शेजारच्या खोलीत गेले. तिथे आवाजबाई बसायच्या. स्टुडिओतलं ध्वनीचं सगळं काम त्यांच्याकडे, आणि जिभेला धारही तशीच.

"आवाजबाई, तुमचा फोन द्या जरा. हे दात कसे दिसतात बघायचंय."

बाईंनी हेडफोन गळ्यात ओढला, फाइल लावली, दोन क्षण बघितलं. "निळे आहेत की."

"थट्टा नको हो. माझ्या पोटावर आलंय."

"थट्टा कसली? चांगले निळे आहेत." त्यांनी फोन मास्तरांच्या छातीजवळ धरला. "तुमच्या या शर्टासारखे."

"हा शर्ट पांढरा आहे."

आवाजबाई हसायला गेल्या आणि मास्तरांचा चेहरा बघून अर्ध्यात थांबल्या. "मास्तर," त्या हळू म्हणाल्या, "गेले सहा महिने तुम्ही निळे शर्ट घालून येता. आम्हाला वाटलं, या वयात शौक लागलाय."

सहा महिने मास्तर घरी रोज कटकट करत होते, शर्ट पिवळे पडलेत, तुझा धुण्यात जीव नाही. बायको बिचारी दर धुण्याला नीळ वाढवत गेली. परवा बादलीच आपटली तिने. म्हणाली, "आता शर्ट नाही, आभाळच धुते मी. तेवढं केलं की तुमचं समाधान होईल!" तेव्हा ते तिलाच वेंधळी म्हणाले होते.

ते खोलीत परतले, दार लावलं, दिवा लावला आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत एक डोळा झाकला. मग दुसरा. उजव्या डोळ्याला भिंत जुन्या वर्तमानपत्रासारखी दिसत होती. डाव्याला जराशी बरी. जराशीच.

सॉफ्टवेअरमध्ये रंग मोजणारा ग्राफ असतो. लाल, हिरवा, निळा किती, ते रेषांनी दाखवतो. मास्तरांनी तो कित्येक वर्षं बंद ठेवला होता. "ग्राफ बघून रंग लावणारा कारकून," हे त्यांचं लाडकं वाक्य. आज त्यांनी तो उघडला. डॉक्टरांचा पांढरा डगला मोजला. पांढऱ्यावर तिन्ही रेषा एका उंचीला यायला हव्यात. निळी एकटीच टाचा उंचावून बाकीच्या दोघींच्या डोक्यावरून बघत होती.

सगळा निळा त्यांनी स्वतःच्या हाताने ओतला होता. दात पिवळट दिसले म्हणून, आणि मग आणखी थोडा.

त्यांनी निळा खाली आणला. तिन्ही रेषा जुळल्या. मास्तरांना दिसत होते ते आयुष्यभर विड्या ओढलेल्या माणसाचे दात. असं काम त्यांनी कुणाचं बघितलं असतं तर नाक मुरडलं असतं. डोळे मिटून त्यांनी एक्स्पोर्टचं बटण दाबलं.

पाऊण तासाने मालक हसत आले. आवाजबाई त्यांच्यामागे. "डॉक्टर खूश! म्हणाले, आता कसे दात दातांसारखे दिसले. काय होतं हो, मास्तर?"

आवाजबाईंकडे न बघता मास्तर म्हणाले, "एक्स्पोर्टचं सेटिंग होतं."

"म्हणजे मशीनचीच खोड. मी उगाच तुमच्यावर डाफरलो." मालक शीळ घालत गेले.

आवाजबाई मात्र हलल्या नाहीत. "उस्ताद भेटले होते मला गेल्या महिन्यात."

"जिवंत आहेत?"

"चांगले ठणठणीत. मोतीबिंदू होता म्हणे. अर्ध्या तासाचं ऑपरेशन. आता लांबचे कावळेसुद्धा मोजतात. म्हणत होते, तेव्हा कुणी तोंडावर सांगितलं असतं तर खुर्ची गेली नसती."

"माझं नाव घेतलं?"

"नाही. एकदाही नाही."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मास्तर टेबलावरच्या वस्तू उगाच इकडच्या तिकडे करत राहिले. "तुम्ही मालकांना सांगणार?"

"मी तुम्हाला तोंडावर सांगितलं," बाई म्हणाल्या. "पुढचं तुमचं तुम्ही बघा." हेडफोन कानाला लावून त्या गेल्या.

मास्तर उठले. मालकांच्या खोलीपर्यंत चार पावलं होती. त्यातली दोन ते चालले. आतून मालकांचा आवाज ऐकू येत होता, कुणाला तरी फोनवर सांगत होते, "आमच्या मास्तरांची नजर म्हणजे... अहो, विचारू नका!" मास्तर वळून परत आले. ग्राफची खिडकी ओढून त्यांनी स्क्रीनच्या मधोमध ठेवली, चित्र कोपऱ्यात सरकवलं.

बाहेर वारा पडला नव्हता. खिडकीच्या फटीतून धूळ येऊन सकाळच्या वर्तमानपत्रावर बसली होती. मास्तरांनी ते दाराबाहेर झटकलं, पुन्हा मांडीवर पसरलं, आणि जाळीचा उरलेला अर्धा भाग ब्रशने झाडायला लागले.