वगळलेले चाळीस फॉर्म

हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, जिला एरवी सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. चोरी नाही, मारहाण नाही — माझ्या प्रबंधातलं एक वाक्य आहे. तुम्हाला वाटेल, एवढंच? म्हणूनच तर ते इतकी वर्षं लपून राहिलं.

मी तेव्हा औरंगाबादला एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते आणि पीएचडी करत होते. शेंद्र्याच्या आसपास कारखान्यांसाठी जमिनी गेल्या होत्या. त्या घरांतल्या बायकांच्या मनावरचा ताण मोजायला मी एक मापनी तयार केली. तीस विधानं, प्रत्येकापुढं 'होय', 'थोडंफार', 'नाही'. अशा मापनीची विश्वसनीयता दाखवावी लागते. म्हणजे सगळी विधानं मिळून एकच गोष्ट मोजतात, की प्रत्येक आपापल्या वाटेनं जातं, ते एका आकड्यात सांगायचं. आकडा पुरेसा वर गेला की मापनी पास. खाली राहिला की — सगळं पहिल्यापासून.

फॉर्म भरून आणायला मी एमएच्या दोन विद्यार्थिनी घेतल्या. एकीनं गल्लीगल्लीत बायकांना एकत्र बसवून चार दिवसांत काम उरकलं. दुसरी नसीम. तिच्या वडिलांचं क्रांती चौकाजवळ चष्म्याचं दुकान होतं. ती रोज बसनं शेंद्र्याजवळच्या करमाडला जायची, एकेका बाईपाशी तासभर बसायची. चाळीस फॉर्म आणायला तिला दीड महिना लागला.

पहिलीचे फॉर्म घेतले की आकडा छान यायचा. नसीमचे त्यात मिळवले की कोसळायचा.

मी तिला बोलावून विचारलं, हे असं कसं? तिच्या बायकांनी 'मला रात्री शांत झोप लागते' यालाही होय म्हटलं होतं आणि 'जगण्यात काही अर्थ वाटत नाही' यालाही. तिनं समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं — आता दुसऱ्याच्या रानात निंदायला जाते, पाठ टेकली की डोळा लागतो.

"मॅडम, बाई दमून झोपती. ते सुखाचं झोपणं नाय," ती म्हणाली. "तुमचा प्रश्न एक विचारतो, बाई दुसरंच सांगती."

मग तिनं त्या पहिलीचे फॉर्म माझ्यापुढं ठेवले. एका गल्लीत सगळ्याच दुःखी, शेजारच्या गल्लीत सगळ्याच सुखी. एक बोलली असणार, बाकीच्यांनी मान डोलावली असणार.

ती बरोबर होती. मला ते तिथंच कळलं — वर्गात शिकवायचे मी हेच. कमी आकडा नसीमची चूक दाखवत नव्हता, माझ्या मापनीची दाखवत होता. आणि तो चांगला आकडा? बायकांनी एकमेकींचं ऐकलं, एवढंच त्यातून निघत होतं. पण मुदत संपत आली होती, माझी बढती त्यावर अडली होती. हे कारण म्हणून सांगत नाही. तसं होतं.

मार्गदर्शक सरांनी आकड्याबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणाले, "सर, मला वाटतं नसीमनं फॉर्म घरी बसून भरलेत."

'वाटतं' — हा शब्द मी मुद्दाम घातला. पुढं कुणी पकडलंच तर.

सरांनी तिला काही विचारलं नाही. प्रबंधात एक वाक्य गेलं: 'एका सहायिकेने गोळा केलेली चाळीस फॉर्ममधील माहिती अविश्वसनीय आढळल्याने वगळण्यात आली आहे.' त्याखाली आकडा. तोंडी परीक्षेत त्याचं कौतुक झालं.

नसीमला सरांकडंच पीएचडी करायची होती. सरांनी नाही म्हटलं, मग विभागात कुणीच तिला घेतलं नाही. का, ते तिला कुणी सांगितलं नाही. ती माझ्याकडं आली, माझ्यासाठी एक शब्द टाका म्हणाली. मी म्हटलं, बघते. काय बघणार होते मी? वर्षभरानं ती वडिलांच्या दुकानात गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवताना दिसली. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं गेले.

मापनी छापली गेली. लोक अजून वापरतात, विश्वसनीयता उत्तम असं लिहून माझाच आकडा खाली देतात. मी निवृत्त झाले.

गेल्या वर्षी एका लग्नात नसीम भेटली. केस पिकलेले. तिची मुलगी मानसशास्त्रच शिकते. तिनं अभ्यासाला माझा प्रबंध घरी आणला होता, आणि ते वाक्य नसीमनं वाचलं होतं. ती चिडलेली नव्हती. जरा बाजूला घेऊन तिनं एवढंच विचारलं, "मॅडम, तुम्ही माझे फॉर्म वाचले होते का?"

सर वारून पाच वर्षं झाली होती.

"नाही गं," मी म्हणाले. "सरांनीच परस्पर बाजूला काढले."

"मग ठीक. मलाही तेच वाटलं. वाचले असते तर तुम्ही असं लिहिलं नसतं."

मी वाचले होते. चाळीसच्या चाळीस, पेन्सिलीनं लिहिलेल्या अक्षरांसकट, दोनदा.

माझा गुडघा दुखतो हे तिच्या लक्षात आलं. हात धरून ती मला रिक्षापर्यंत सोडायला आली. आणि मी तिला सोडू दिलं.