अंतरपाटाखालचे पाय

माझं पहिलं लग्न मंगलाष्टकं चालू असतानाच मोडलं.

त्या साली दूरदेशी कुठं लढाई जुंपली होती म्हणे, आणि विलायतेला आमच्या वऱ्हाडच्या कापसावाचून चैन पडत नव्हतं. अकोल्याच्या बाजारात टांगलेल्या पोत्यात माणूस उतरायचा आणि वरून टाकलेली रुई पायांनी तुडवून तुडवून पोतं दगडासारखं घट्ट करायचा. मला सांगून आलेला मुलगा हेच काम करी. लग्नाच्या दिवशीही व्यापाऱ्यानं त्याला दुपारपर्यंत सोडलं नाही. तिथून तो तसाच पायी मांडवात आला.

अंतरपाटाखालून मला त्याचे पाय तेवढे दिसत होते. पोटऱ्या थरथरत होत्या, अंगठे मातीत रुतवून तो कसाबसा तोल धरत होता. मी त्याचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं, पण त्या पायांची मला दया आली. शेवटी तो झोकांडला आणि अंतरपाट धरणाऱ्याच्या अंगावर गेला.

आमचं घर महानुभाव, रिद्धपूरला माथा टेकणारं. दारू पिणाऱ्याच्या घरचं पाणीही आम्हाला चालत नसे. त्यात त्याच्यामागं उभा असलेला मामा खरोखरच झिंगून आला होता, म्हणून दारूचा वास कोणाचा हे बघायची कुणाला गरज वाटली नाही.

"मी पेलो नाई जी," तो म्हणाला. "पोटऱ्यायत जीवच नाई राह्यला."

"सारे पेताड असंच म्हनतात," वडील म्हणाले. "पोरगी देत नाई मी."

मुहूर्त टळू नये म्हणून पाहुण्यांतल्याच एका मुलाला उभं केलं आणि त्याच मांडवात माझं लग्न लागलं. माणूस भला निघाला, माझी काही तक्रार नाही. पहिल्याला मात्र पेताड म्हणून पुढं कोणीच मुलगी दिली नाही. ते कानावर आलं तरी मला रडायचीही चोरी.

कापसाच्या तेजीत माझे यजमानही त्याच कामाला लागले. एका संध्याकाळी वडील आमच्याकडे आले होते. हे कामावरून परतले, दारात वहाणा काढायला वाकले आणि सरळ होताना असे झोकांडले की चौकट धरावी लागली. मी वडिलांकडे पाहिलं.

ते लगबगीनं उठले. यांना हाताला धरून त्यांनी बाजेवर बसवलं.

"बसा जावई. दिवसभर रुई तुडवली, पोटऱ्या भरून आल्या असतीन तुमच्या." मग मला म्हणाले, "तेल ऊन कर वो."

मी तेल ऊन केलं. वडील होते तोवर त्यांच्याशी बोलले मात्र नाही, आणि काहून म्हणून त्यांनीही विचारलं नाही.