ताईची बादली

ताई महापौर झाली त्या दिवशी चौकाचौकांत तिचे फोटो लागले, घर हारांनी भरून गेलं, आणि आई एवढंच म्हणाली, "आता तरी वेळेवर जेवत जाशीन."

माझी ही थोरली बहीण मूळची सिव्हिल इंजिनिअर. शहराबाहेर हिंगण्याच्या कारखान्यांचे शेड, वाडी गावची गोदामं, असलीच कामं तिनं वर्षानुवर्षं केली. मी कॉलेजात असताना एकदा तिला डबा द्यायला वाडीला गेले होते. नव्या गोदामाची जमीन काँक्रीट करून तयार होती आणि ठेकेदार पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता. ताईनं बादलीभर पाणी मागवलं, मधोमध ओतलं आणि कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. तिच्या दुप्पट वयाची माणसं वाकून त्या पाण्याकडे बघत होती. पाणी दाराकडे जायचं सोडून एका कोपऱ्यात जाऊन बसलं. नेमकी तिथंच पोती रचली जाणार होती.

"फोडा," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही की कुणाचा अपमान केला नाही. तो कोपरा माझ्यासमोर फुटला. पेढे पुड्यातच राहिले. घरी कंगव्यावरून माझ्याशी भांडणारी ती हीच का, असं मला झालं. तेव्हापासून मी तिला चिडवते खूप, पण आतून थोडी वचकूनच असते.

पुढे वस्तीच्या आग्रहानं ती नगरसेविका झाली, आणि महापौरपद महिलेसाठी राखीव निघालं तेव्हा पक्षाला तिची आठवण आली. "आता काय, हार घालून घे अन् फिती काप," मी म्हटलं. ती हसली. महापौराच्या हातात प्रत्यक्षात किती कमी असतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मी मनीषनगरात तळमजल्यावर राहते. आई माझ्याकडेच असते. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती पुढच्या खोलीत पलंगावरच. ताई महापौर झाल्यावरच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. जुना डांबरी रस्ता खोदायची तसदी कोणी घेतली नाही, त्याच्यावरच सिमेंट चढवलं. रस्ता उंच झाला आणि आमची घरं खड्ड्यात गेली. धूळ गेली म्हणून गल्ली खूश होती. मी मात्र उंबऱ्यापासून रस्त्याचा चढ वितीनं मोजला. पावसाचं पाणी आता थेट आईच्या पलंगाखाली येणार होतं, आणि तिला उठून बाजूलाही होता येत नव्हतं. ताईला फोन केला, तर म्हणाली, "उद्घाटनाले येऊनच राहिली ना मी. तेव्हा पाहू."

उद्घाटनाच्या दिवशी गल्लीत मांडव, फुलं, तबकात कात्री, सगळा थाट होता. ताई कडक इस्त्रीच्या साडीत आली, पायात मात्र साइटवरचेच जुने बूट. तिनं कात्री उचलली, रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि कात्री परत ठेवली. गर्दीत मला शोधून म्हणाली, "घरातून बादली आन वं. भरून."

मी धावले. "काहून पळून राहिली वं?" आई खिडकीतून विचारत होती.

ताईनं रस्त्याच्या मधोमध पाणी ओतलं. ते जरासं थबकलं, मग वळलं ते आमच्याच फाटकाकडे. फाटकाखालून अंगणात, अंगणातून थेट उंबऱ्यापाशी.

"ताई, फीत कापा, मुहूर्त चालला," पक्षाचे एक ज्येष्ठ म्हणाले.

"हे पाणी माह्या मायच्या खोलीत चाल्लं भाऊ," ताई म्हणाली. "बाकीच्या घराइचंही पाहू द्या."

मग शेजारणी स्वतःच बादल्या घेऊन निघाल्या. "नळाले धार नाही अन् हे सांडून राहिले," असं कुरकुरत एकीनं ड्रममधून भरून आणली. दारोदार तेच झालं. एवढ्या मोठ्या माणसांचा समारंभ पाण्याच्या मागे मागे चालत होता, आणि सगळ्यांच्या पुढे माझी बहीण.

शेवटी ती पुन्हा आमच्या दाराशी आली. गाडी चढवायला गल्लीत सगळ्यांनीच रस्त्याकडेच्या नालीवर सिमेंटचे उतार बांधलेत. आमच्या उताराला तर मी हौसेनं रंगीत फरशा लावल्या होत्या. ताई साडीसकट गुडघ्यांवर बसली आणि नालीत कोपरापर्यंत हात घातला.

"रस्ता खाली घेतला तरी पाणी जाईन कुठून? उताराइखाली नालीच बुजली." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "पयले हे फोडा."

माझं डोकं फिरलं. "उद्घाटनाले आली, का माह्य घर पाडाले?"

"तुह्यापासून सुरू नाही केलं, तं दुसऱ्याच्या दाराले कोणत्या तोंडानं हात लावू वं?"

राग आलाच. पण चिखलानं माखलेला हात तसाच धरून, सगळ्या शहरासमोर शांत उभ्या असलेल्या तिला पाहून मी उतारावरून बाजूला झाले. इतकं न घाबरता जगता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. फीत तशीच राहिली. ज्येष्ठ गाडीत बसता बसता हसून म्हणाले, "तिकिटाच्या वेळेस भेटू, ताई." त्याचा अर्थ सगळ्यांनाच कळला.

उन्हाळाभर ती अधिकाऱ्यांच्या मागे लागली. भर उन्हात तोंडाला ओढणी गुंडाळून कामावर येऊन उभी राहायची. आधी माझा उतार फुटला, मग गल्लीतले बाकीचे. नाली मोकळी झाली, रस्ता उखडून पुन्हा खाली बांधला गेला. पुढचं तिकीट तिला मिळणार नाही, हेही तोवर पक्कं झालं होतं.

मग एका दुपारी धो धो पाऊस आला. मी घाबरून धान्याचे डबे पाटावर चढवले आणि आईजवळ बसले. तेवढ्यात ताई आली, निथळत, बूट हातात घेऊन. बूट ठेवून, आईच्या पांघरुणाला हात पुसून ती वाकली आणि आईच्या पलंगाखाली फरशीवर हात फिरवला. मग तो हात आईच्या गालाला लावला.

"कोरडाच आहे ना वं?" तिनं विचारलं. उत्तर येईपर्यंत तिनं हात काढला नाही.

"कोरडा आहे," आई म्हणाली. "आता तरी जेव."

मी ताट वाढून आणलं. पलंगाला टेकून त्याच फरशीवर बसून ती जेवली, दोनदा भाजी मागून घेतली. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि ताईनं एकदाही दाराकडे वळून पाहिलं नाही.